भांदकची विजासन टेकडी

नागपुराहून वर्धा-वरोऱ्याच्या वाटेनें दक्षिणेस निघालेली आगगाडी चंद्रपूर गांठण्यापूर्वीं भांदक नांवाचें एक स्टेशन मागें टाकते. लांब पल्ल्याच्या बहुतेक जलद गाड्या तेथें थांबत नाहींत. खिडकीशीं बसलेल्या उतारूला फलाटावरची पाटी क्षणभर दिसते, आणि गाडी पुढें निघून जाते. गांवाचें आजचें नांव भद्रावती आहे. स्टेशनाचें मात्र भांदकच राहिलें. ज्याला वेळेची निकड नाहीं त्यानें येथें एक दिवस अवश्य मोडावा.

गांवाच्या नैर्ऋत्येस दीड-दोन मैलांवर विजासन नांवाची टेकडी आहे. सह्याद्रीच्या कड्यांची ज्यांना संवय, त्यांना तिला टेकडी म्हणण्याचाहि संकोच वाटेल. सिंहगडाच्या पायथ्याशीं ती ठेवली तर शोधून सांपडायची नाहीं. परंतु वर्धा नदीच्या या सपाट खोऱ्यांत थोडीशी उंचीहि पुष्कळ दूरवर दिसते, आणि तेथून पुष्कळ दूरवरचें दिसतेंहि. देवस्थानासाठीं उंचवटा निवडण्याची मनुष्याची खोड फार जुनी व जगभरची आहे. विजासनची गंमत अशी कीं, येथें कारागीर टेकडीच्या माथ्यावर चढले नाहींत. ते तिच्या पोटांत शिरले.

भांदकची थोरवी सांगणाऱ्या कथा दोन प्रकारच्या आहेत: एक पुराणिकांच्या आणि दुसऱ्या पंडितांच्या. पुराणिक सांगतात कीं, जैमिनीच्या अश्वमेधांत जी भद्रावती नगरी येते ती हीच. तेथील यौवनाश्व राजाच्या पागेंत श्यामकर्ण घोडा होता. धर्मराजाच्या यज्ञासाठीं भीमानें तो येथूनच नेला. मागच्या पिढ्यांतील किती तरी आजीबाईंना ही कथा तोंडपाठ असे. पंडितांची कथा एवढी रंगतदार नाहीं, पण तिच्यांतहि एक प्रवासी आहे. सातव्या शतकांत चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग कोसल देशांत आला. त्या देशाचा राजा क्षत्रिय असून बुद्धाच्या धर्माचा आदर करतो, तेथें शंभराच्या आसपास संघाराम आहेत, असें त्यानें लिहून ठेवलें. १८७३-७४ सालच्या आपल्या दौऱ्यांत जनरल कनिंगहॅम या भागांत आले, आणि त्या कोसलाची राजधानी म्हणजे हें भांदकच, असें त्यांनीं ठरवून टाकलें. पुढच्या संशोधकांचा कल छत्तीसगडांतील सिरपूरकडे झुकला, आणि भांदकचा तो मान गेला. गांवाला त्याचें फारसें दुःख झालेलें दिसत नाहीं. शिवाय भांदकच्या नांवावर निर्विवाद असा एक पुरावा आहेच. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, ज्याच्या कारकीर्दीशीं वेरूळच्या कैलासाचें नांव जोडलें जातें, त्याचे शके ६९४ चे, म्हणजे इसवी सन ७७२ चे ताम्रपट येथें सांपडले. एका सूर्यमंदिरासाठीं गांव इनाम दिल्याचा तो लेख आहे. म्हणजे वेरूळचा डोंगर पोखरला जात होता त्या काळांत हा मुलूख कांहीं रानटी अरण्य नव्हता. राजाची मोहोर येथपर्यंत पोंचत होती.

टेकडीचा दगड वेरूळ-अजिंठ्याच्या काळ्या फत्तरासारखा नाहीं. हा वालुकाश्म आहे. कामठीजवळ तो प्रथम नीट अभ्यासिला गेला म्हणून भूगर्भशास्त्रज्ञ त्याला कामठीचा दगड म्हणतात. सुमारें पंचवीस कोटी वर्षांपूर्वीं नद्यांनीं वाहून आणलेल्या वाळूचा तो झालेला आहे. टांकीला तो लवकर वश होतो, आणि पावसालाहि तितक्याच लवकर. म्हणून येथील मूर्तींच्या मुद्रा मऊ पडल्या आहेत, कडा विरल्या आहेत. अजिंठ्याचा नखरा येथें कोणी शोधूं नये.

लेण्याच्या तोंडाशीं उभें राहिलें म्हणजे समोर एक अरुंद लांब दालन सरळ टेकडींत घुसलेलें दिसतें. एकोणिसाव्या शतकांतील मोजणीप्रमाणें त्याची लांबी ७१ फूट आहे. भर उन्हांतून आलेल्या मनुष्याला पहिल्या दहा पावलांनंतर कांहीं दिसेनासें होतें. हल्लींचे प्रवासी तेथेंच खिशांतला मोबाईल काढून त्याचा प्रकाश पाडतात आणि जें पाहावयास आले तेंच घालवून बसतात. ज्याला धीर आहे त्यानें दिवा न लावतां उभें राहावें. डोळे हळूहळू सरावतात; भिंतीचा थंडपणा अंगाला जाणवूं लागतो; आणि दालनाच्या टोंकाशीं, जेथें केवळ काळोख होता, तेथें आधीं एक खांदा, मग एक गुडघा, मग आसनावर बसलेली संबंध भव्य आकृति आकार घेते. ती बुद्धाची मूर्ति आहे. ज्यांनीं हें दालन खोदलें त्यांना हा विलंब ठाऊक असला पाहिजे. दर्शनाला वेळ लागावा अशीच ही रचना आहे.

मुख्य दालनाला काटकोनांत दोन्ही बाजूंस आणखी दोन दालनें फुटलीं आहेत, आणि त्या प्रत्येकाच्या शेवटीं एकेक गाभारा व एकेक मूर्ति आहे. अशी मांडणी इतरत्र आढळत नाहीं, असा शेरा जुन्या गॅझेटिअरांत आहे. कागदावर तिचा आराखडा काढला तर तो चक्क एका क्रुसासारखा दिसतो. यावरून कोणी तर्कटें लढवूं नयेत. युरोपांतील देवालयांचा आणि विजासनच्या शिल्प्यांचा कसलाहि संबंध नव्हता. भिक्षूंना तीन मूर्ति तीन दिशांना बसवावयाच्या होत्या, चौथी दिशा प्रवेशाला सोडली, एवढाच त्याचा अर्थ. तरीहि ज्यानें फ्रान्समधलें एखादें जुनें चर्च पाहिलें असेल त्याला त्या दालनांच्या चौफुलीवर उभें राहून त्याची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. आणि ती आठवण एका वेगळ्या कारणासाठीं उपयोगाची आहे.

बर्गंडी प्रांतांत वेझले नांवाचें एक गांव आहे. टेकडीच्या पाठीवर एकच चढता रस्ता, त्याच्या दोहों बाजूंना घरें, आणि रस्ता संपतो तेथें माथ्यावर मेरी मॅग्डालीनचें चर्च. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्याचा मुख्य मंडप उभा राहिला. अर्धवर्तुळाकार कमानी, जाड भिंती, दगडी छत, अशा ज्या बांधणीला रोमनेस्क म्हणतात तिच्यांतील अग्रगण्य वास्तूंत त्याची गणना होते. मंडपाच्या कमानी दोन रंगांच्या दगडांच्या आहेत. आणि उत्तरायण संपण्याच्या सुमारास, जूनमधील सर्वांत मोठ्या दिवशीं दोनप्रहरीं, दक्षिणेच्या खिडक्यांतून आलेलें ऊन मंडपाच्या मधोमध ओळीनें पाउलें टाकल्यासारखें पडतें. विजासनच्या कारागिरांनीं जें काळोखानें साधलें तें वेझलेच्या कारागिरांनीं उजेडानें साधलें, एवढाच फरक. चर्चच्या मागें झाडांची एक गच्ची आहे. तेथून दरीचा आणि मोर्व्हांच्या वनांचा विस्तार दिसतो. ११४६ सालीं याच टेकडीच्या उतारावर क्लेर्व्होच्या बर्नार्डनें दुसऱ्या धर्मयुद्धाची हांक दिली. स्पेनमधील सांतियागोला पायीं जाणाऱ्या वारकऱ्यांची एक वाट येथून सुरू होई.

आणि एवढें वैभव असतां वेझले ओस पडलें. मेरी मॅग्डालीनच्या अस्थि आपल्याकडेच आहेत, असा दावा १२७९ मध्यें प्रॉव्हान्स प्रांतांतल्या दुसऱ्या एका गांवानें केला, आणि यात्रेकरूंचा ओघ तिकडे वळला. पुढें धर्मयुद्धांत तें लुटलें गेलें, राज्यक्रांतींत मठाच्या इमारती पडल्या. १८३४ सालीं फ्रेंच सरकारचे ऐतिहासिक वास्तूंचे निरीक्षक प्रॉस्पर मेरिमे तेथें गेले, तेव्हां तें चर्च कोसळण्याच्या बेतांत होतें. कार्मेनची गोष्ट लिहिणारे मेरिमे ते हेच. त्यांच्या खटपटीनें १८४० मध्यें व्हिओले-ल-द्यूक या अवघ्या सव्वीस वर्षांच्या वास्तुविशारदाकडे दुरुस्तीचें काम सोंपविण्यांत आलें. त्यानें तें वांचविलें. कांहीं ठिकाणीं जरा जास्तच वांचविलें, असें टीकाकार म्हणतात. प्रार्थना करणारा संघ तेथें पुन्हां कायमचा राहावयास आला तो पुष्कळ पुढें, १९९३ मध्यें. म्हणजे वेझलेंत आधीं इमारत सुधारली, आणि माणसें मागाहून आलीं.

विजासनला क्रम उलटा झाला.

बौद्ध धर्म या भागांतून मावळल्यावर हें लेणें किती शतकें रिकामें पडलें होतें याची मोजदाद कोणीं ठेवलेली नाहीं. इंग्रज अधिकाऱ्यांनीं त्याची लांबी-रुंदी मोजली, आराखडे काढले, अहवालांत नोंद केली. पुढें तें संरक्षित स्मारक झालें. त्या साऱ्या कागदांत विजासनचा बुद्ध ही एक भूतकाळांतली वस्तु होती. त्याच्यापुढें हात जोडणारें कोणी नव्हतें, आणि पुन्हां कधीं असेल अशी अपेक्षाहि नव्हती. मग १९५६ चा ऑक्टोबर आला. १४ तारखेस नागपुरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या लाखों अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, आणि १६ तारखेस दुसरा दीक्षासमारंभ चांद्यास झाला. चांदा म्हणजेच आजचें चंद्रपूर. पुढें राज्यसभेचे उपसभापति झालेले बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे त्या गांवचे. या समारंभामागें त्यांची खटपट होती. बाबासाहेबांना पुढें आयुष्य उरलें तें दोन महिन्यांहूनहि कमी. ६ डिसेंबरला त्यांचें निर्वाण झालें. जगांत ज्या दोन ठिकाणीं त्यांनीं स्वतः दीक्षा दिली त्यांतलें दुसरें भांदकपासून मोटारीच्या तासाभराच्या वाटेवर आहे.

त्या दिवसापासून विजासनच्या मूर्तीचा अर्थ बदलला. दगड तोच, दालन तेंच ७१ फुटांचें. पण ज्या समाजाला गांवच्या देवळाची पायरी चढूं दिली जात नव्हती त्याला आपल्याच जिल्ह्यांत, हाताशीं, कोणाची परवानगी न मागतां जातां येईल असें एक पुरातन देवस्थान सांपडलें. कोणी तें बांधून दिलेलें नव्हतें, कोणी दान केलेलें नव्हतें. तें वाट पाहत असल्यासारखें आधींपासून होतें. या गोष्टीचें मोल ज्याला देवळें कायम उघडीं होतीं त्याला सहजीं उमगणार नाहीं. आज तेथें बुद्धवंदना होते, लेंकुरवाळ्या बाया येतात, शाळेंतलीं मुलें येतात, आणि आजोबा नातवाला बोट धरून अंधाऱ्या दालनांत नेतात.

येथून एक नाजूक प्रश्न निघतो, आणि तो टाळून पुढें जाणें बरें नव्हे. जुन्या स्मारकांसंबंधींच्या १९५८ च्या कायद्यांत असें आहे कीं, संरक्षित वास्तु पूजास्थान असेल तर तिच्या स्वरूपाशीं विसंगत असा तिचा उपयोग होऊं नये. मग विजासनचें स्वरूप कोणतें? पुरातत्त्वाच्या अधिकाऱ्याला ती एक नाजूक, झिजती कलाकृति आहे. मेणबत्तीची काजळी, रंगाचा हात, हजारों हातांचा स्पर्श यांपासून तिला जपणें हें त्याचें काम, आणि वालुकाश्म किती हळवा असतो हें पाहतां त्याची काळजी खोटी नाहीं. वंदनेला आलेल्या माणसाला मात्र तो शास्ता आहे. आणि लेणें खोदणाऱ्यांचा हेतु विचारला तर तेहि याच माणसाच्या बाजूनें साक्ष देतील. मूर्ति घडली ती पूजेसाठीं, पाहण्यासाठीं नव्हे. दोघांनाहि आपापल्या जागीं बरोबर ठरविणारी अशी ही जागा आहे. आणि दोघांमध्यें जो तिसरा, केवळ सहलीला आलेला प्रवासी, त्यानें निदान जोडे बाहेर काढावे आणि आवाज खालीं आणावा. तो एखाद्या उजाड अवशेषांत आलेला नाहीं. दुसऱ्याच्या घरीं आलेला आहे.

लेण्यांतून बाहेर पडून टेकडीच्या माथ्यावर गेलें म्हणजे प्रथम डोळे दिपतात. मग ईशान्येकडे गांव दिसूं लागतें. त्या एका गांवांत किती देवांची वस्ती आहे! भद्रनागाचें देऊळ आहे, जुन्या कोरीव दगडांनीं भरलेलें. नागपंचमीला तेथें दाटी होते, आणि त्या देवाची पूजा कधीं खंडली असें ऐकिवांत नाहीं. केशरिया पार्श्वनाथाचें जैन मंदिर आहे. त्याची मूर्ति पूर्वीं अवशेषांत पडलेली होती. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं एका जैन भक्ताला स्वप्नांत दृष्टांत झाला, मूर्तीचा शोध लागला आणि मंदिर उभें राहिलें, अशी कथा सांगतात. म्हणून तिला स्वप्नदेव असेंहि म्हणतात. गवराळ्याच्या उंचवट्यावर वरदविनायक आहे. एक देव कधींच ओस पडला नाहीं, एकाला स्वप्नानें परत आणलें, आणि एकाला एका समाजाच्या निर्धारानें. हें सारें विजासनवरून एका नजरेंत मावतें.

पश्चिमेकडे वर्धेच्या खोऱ्याची काळी जमीन पसरली आहे. कापूस, तूर आणि अलीकडे सोयाबीन यांची ती भूमि. पूर्वेकडे दृष्टि वळवली कीं रंग बदलतो. तिकडे ताडोबाच्या रानाची निळी रेघ आहे, त्यापलीकडे धानाचीं बांध्या आणि मामा-तलाव यांचा मुलूख, आणि त्याच्याहि पलीकडे वैनगंगा. वैनगंगेपलीकडचा प्रदेश २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत याच जिल्ह्यांत होता. त्या दिवशीं गडचिरोली वेगळा झाला. तेथें नदीकांठीं मार्कंड्याचीं देवळें आहेत, काळानें वेझलेच्या जवळचीं. मुख्य देवळाचें शिखर वीज पडून ढांसळलें होतें, तरी महाशिवरात्रीची यात्रा चुकली नाहीं. डोळ्यांना तें येथून दिसत नाहीं; पण या टेकडीवर उभें राहिल्यावर त्या दिशेला मन जातेंच.

परंतु विजासनवरून दिसणारें सर्वांत नवें दृश्य देवादिकांचें नाहीं. कामठीच्या वालुकाश्माखालीं कोळसा असतो. ज्या दगडांत बुद्ध कोरला त्याच्याच तळघरांत हें काळें धन आहे, हें येथील भिक्षूंना स्वप्नींहि माहीत नव्हतें. जवळच वरोऱ्याला १८७१ मध्यें सरकारी खाण सुरू झाली आणि १९०६ मध्यें बंद पडली. या भागांत आगगाडी प्रथम आली ती त्या कोळशासाठींच. बल्लारशाहून काझीपेठेपर्यंतचा जोड १९२९ सालीं पुरा झाला, आणि मग ही वाट दिल्लीला दक्षिणेशीं जोडणारा राजमार्ग बनली. आतां माजरी व भद्रावतीच्या परिसरांत उघड्या खाणी आहेत. भुयार खोदून कोळसा काढण्याऐवजीं वरची सारी जमीनच उचलून बाजूला टाकतात, आणि त्या मातीचे माथे सपाट असलेले करडे डोंगर उभे राहतात. त्यांतले कांहीं विजासनहून उंच आहेत. या सपाट मुलुखांत शेंकडों वर्षें टेकडी म्हणजे देवाची जागा असें समीकरण होतें; या नव्या टेकड्यांना अद्याप देव नाहीं आणि नांवहि नाहीं. त्यांच्या पायथ्याच्या शेतकऱ्याला जमिनीचा मोबदला मिळाला, घरांतल्या एखाद्या मुलाला नोकरी मिळाली, आणि आजोबाची विहीर गेली. ही वजाबाकी ज्याची त्यानेंच करावी. टेकडीवर वारा खाण्यासाठीं आलेल्यानें ती त्याच्यासाठीं करूं नये.

उतरतांना ऊन कलतें असेल तर गांवाच्या पूर्वेकडील तलावाकडे जावें. त्यांत एक बेट आहे, आणि बेटापर्यंत दगडी पूल आहे: भारी खांबांच्या दोन ओळी, त्यांवर आडव्या-उभ्या लांब शिळा, एवढीच त्याची करामत. लांबी १३६ फूट, रुंदी ७ फूट. कमान नाहीं, चुन्याचा डौल नाहीं; दगडाच्या वजनावर दगड उभा आहे. विजासनच्या काळोखानंतर हा उघडा, साधा पूल मनाला बरा वाटतो.

या सफरीला हिंवाळा उत्तम. चंद्रपूरचा उन्हाळा देशांतल्या अति कडक उन्हाळ्यांपैकीं एक आहे, आणि पावसाळ्यांत टेकडीची वाट निसरडी होते. ज्याला शांतपणें मूर्ति पाहावयाची आहे त्यानें दिवाळीनंतर, आठवड्याच्या मधल्या दिवशीं, सकाळीं जावें. ज्याला लेणें भरलेलें पाहावयाचें आहे त्यानें ऑक्टोबरच्या मध्यावर जावें. त्या दिवसांत चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर सोहळा असतो. नागपूरकडून शुभ्र वस्त्रें ल्यालेल्या माणसांच्या मोटारी भद्रावतीवरूनच दक्षिणेस जात असतात, आणि त्यांतल्या कांहीं विजासनच्या वाटेला वळतात.